पुंजाजीमामाची बारी

टीव्ही लागला की पुंजाजीमामा सगळ्यात आधी त्याचा आवाज बंद करत. मग दाराच्या चौकटीला पाठ टेकून उकिडवे बसत आणि पडद्यावरच्या राक्षसांची वाक्यं स्वतःच म्हणत. तिकडे शिंगं लावलेला, अंगाला काजळी फासलेला कोणीतरी तोंड वासून धावत यायचा, समोर गोरेपान देव धनुष्य ताणून उभे असायचे, आणि मामा अगदी गरीब आवाजात बोलायचे, "बाप्पा, मी तं वावराचा धुरा-बांध पाह्याले आलो होतो. हे लोक काऊन मारून राह्यले मले?" ओसरीवरच्या बाया हसून लोळायच्या. मामा मात्र हसत नसत. राक्षस मेला की हात झटकून उठायचे आणि म्हणायचे, "वंगाळ. तोंड पाह्यलं अन् मारला."

एकदा माझ्या भावाने मोबाईलवर परदेशी मालिका लावली होती. आकाशात फिरणाऱ्या यानातली माणसं, सगळी हिंदीत बोलणारी. त्यातलं विज्ञान मामांना कळत नव्हतं, मलाही नव्हतं. पण एकदोन भाग बघून झाल्यावर मामा आधीच सांगू लागले. यान नव्या ग्रहावर उतरलं, चार जण टॉर्च घेऊन बाहेर पडले, की त्यातल्या काळ्या माणसाकडे बोट करून म्हणायचे, "हा जाते पाह्य आता." आणि तो जायचाच. भाऊ चिडायचा, तुम्ही हे आधी बघितलंय म्हणायचा. मामा म्हणायचे, "मले पाह्याची काय गरज? इतक्या दूर आभायात गेले, पन पहिले कोनाले मराले धाडाचं हे घरूनच ठरवून गेले."

हे मी जिथून लिहिते आहे तिथे अशाच मालिका तयार होतात. घरापासून फार लांब, समुद्राच्या बाजूला, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये. एका शेडमध्ये स्वर्ग असतो, दुसऱ्यात पाताळ, मधल्यात आमचा कपडेपट. मी शिवते. कंपनीचं नाव लिहीत नाही, मालिकेचंही नाही. हे छापून आलं आणि कोणी ओळखलं तर, ही धास्ती मनात आहेच. शाळा आठवीनंतर सुटली, दुसरं काही मला येत नाही. लिहिण्यात चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण मामांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या गावात ते दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

पुंजाजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरचे, म्हणून मामा. आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुडा जिथे सुरू होतो तिथे. मामांचं थोडं वावर, त्यात वांगी, मेथी, मिरची. बाजाराच्या दिवशी ते जळगावला भाजी घेऊन बसायचे. उंच, हडकुळे, तव्यासारखे काळे, आणि त्या काळ्या गालांवर पांढरी खुंटं. माझी शाळा सुटली तेव्हा मी घरात तोंड लपवून बसले होते. मामा आले आणि मला सोंगांच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक जुनी शिलाई मशीन होती. म्हणाले, "शाळेनं सोडलं तुले, शोभे. आता तू सुईले सोडू नको." त्या एका वाक्यावर मी आजवर जेवते आहे.

सोंगांची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. चैत्रात आमच्या गावात देवीच्या देवळासमोर सोंगं होतात. दुपार कलली की ढोलकी आणि टाळ सुरू होतात, देवाची आणि दैत्यांची सोंगं येतात, गाण्यातच भांडतात, शेवटी देवी दैत्याला मारते आणि मग सगळ्या गावाला जेवण. मामा या मंडळाचे म्होरके, म्हणून सोंगांचे कपडे त्यांच्याच घरच्या एका खोलीत ठेवलेले असत. गावाचे दोन पुरे, म्हणजे वस्त्या, वरचा आणि खालचा. आमच्याकडची रीत अशी की एका वर्षी वरच्या पुऱ्याने देव व्हायचं आणि खालच्याने दैत्य. पुढच्या वर्षी उलट. पुऱ्यातही घरामागून घर. कोण कसा दिसतो, कोणाचं नाक कसं, याच्याशी काही संबंध नाही. ज्या घराची बारी, त्या घरचं माणूस. एका वर्षी देवीचं सोंग एका चकण्या माणसाला आलं होतं. देवी तिरकं बघत होती, तरी बायांनी तिची ओटी भरली. पुढे मामांनीच मुलींनाही सोंगं द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आमच्या गावात असं मोठं माणूस सापडणार नाही जे कधी देव झालं नाही, आणि असंही नाही जे कधी दैत्य झालं नाही.

अशा गावात कंपनी आली. मालिकेत देव आणि असुरांचं मोठं युद्ध होतं, त्यासाठी त्यांना डोंगर हवा होता आणि गर्दी हवी होती. शाळेच्या मैदानावर तंबू लागले. सकाळी सगळा गाव रांगेत उभा. कंपनीचा एक तरुण असिस्टंट होता, पुण्याकडचा, बोलायला गोड. त्याच्या हातात मेकअपच्या रंगांची पट्टी होती, अगदी गोऱ्यापासून काळ्यापर्यंत डाग लावलेली. ती तो प्रत्येकाच्या गालाशी धरायचा आणि मान न हलवता सांगायचा, देवलोक, असुरलोक, असुरलोक, देवलोक. बायांच्या गालाशी, म्हाताऱ्यांच्या गालाशी, लेकरांच्या गालाशी. मी ते सगळं बघत होते. पण मी काही बोलले नाही, कारण मी रांगेत नव्हते. कपडेपटाच्या ताईंना फाटके कपडे शिवायला कोणी हवं होतं म्हणून मला आधीच आत घेतलं होतं.

मामांची नात गुड्डी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. रंग आजोबांचा. देवांच्या बागेत लहान मुली फुलं उधळणार आहेत हे तिला कळलं होतं. ती आईची पावडर लावून, दोन वेण्या घालून आली होती. त्या मुलाने पट्टी धरली, पावडरीखाली बघितलं, आणि म्हणाला, ही तिकडे. मागेच मामा उभे होते. त्यांच्या गालाशी पट्टी न्यायचीही गरज त्याला वाटली नाही. मामा त्याला म्हणाले, "चिखलीच्या बाजारात कापूस पाह्यला काय कधी? तिथं बी व्यापारी चिमूट घेते, धागा वढून पाह्यते. वरून पाहून भाव नाई करत." तो हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

पहिला दिवस गेला. खरं सांगायचं तर त्या दिवशी कोणाला फार वाईट वाटलं नाही. वरच्या पुऱ्यातले बरेच लोक देव झाले, खालच्यातले बरेच असुर. गुड्डी तर शिंगं लावून मैदानभर धावली. सगळ्यांना वाटत होतं की ही आजची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते आमच्या गावातच होऊ शकतं. आदल्या दिवशीचे असुर डोक्यावरून अंघोळ करून, उपाशीपोटी आले, कारण देवाचं सोंग घ्यायचं तर आमच्याकडे खाऊन घेत नाहीत. आले ते सरळ देवांच्या तंबूत गेले आणि खुर्च्यांवर बसले. आणि आदल्या दिवशीचे देव कोणी न सांगता असुरांच्या तंबूत जाऊन, शर्ट काढून, रंगाच्या बादलीजवळ बसले. त्यांच्यात सरपंचांचा गोरा मुलगाही होता. तो म्हणत होता, मला मोठी शिंगं पाहिजेत, काल गुड्डीची चांगली होती.

असिस्टंट आला आणि दारातच थबकला. त्याला आधी वाटलं लोक संपावर आहेत. मामा पुढे झाले आणि त्यांनी त्याला नीट समजावलं की काल ते देव होते, आज हे आहेत, बारी आहे. त्या मुलाने बाहेर जाऊन आणखी चारपाच जणांना बोलावलं. सगळे तंबूत डोकावले आणि हसत सुटले. एकाने मोबाईल काढून खुर्च्यांवर बसलेल्या लोकांचं शूटिंग केलं. आमची शांताआजी, अंघोळ करून, ओले केस मोकळे सोडून, हात जोडून बसली होती. तिचंही केलं.

मग दिग्दर्शक साहेब आले. ते हसले नाहीत, तेवढं त्यांचं मोठेपण. खुर्ची ओढून मामांसमोर बसले, आणि म्हणाले की काका, काल ज्याला असुर दाखवलं त्याला आज देव दाखवता येत नाही, सलगपणा ठेवावा लागतो. मामांना ते लगेच पटलं. म्हणाले, बरोबर आहे, चालू गोष्टीत सोंग बदलत नाहीत. मग पुढची गोष्ट कधी? पुढच्या गोष्टीत हे देव होतील ना? साहेब म्हणाले, लोक स्वीकारत नाहीत हो काका.

"कोनते लोक?" मामांनी विचारलं.

"प्रेक्षक. टीव्ही बघणारे."

मामांनी मागे वळून खुर्च्यांकडे हात केला. "मंग हे कोन बसले हायेत? हेच तं पाह्यते तुमची सिरियल. आमी कोनाले नाई म्हटलं बाप्पा?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. कामाचा खोळंबा होतो आहे, ज्यांना जमत नसेल त्यांनी घरी जावं, असं असिस्टंटने ओरडून सांगितलं. आणि लोक उठले. एकेक करून, मान खाली घालून, एका तंबूतून दुसऱ्या तंबूत गेले. दिवसाची मजुरी कोणाला सोडवत नव्हती, आणि मामाही कोणाला सोडा म्हणाले नाहीत. ते फक्त स्वतः उठले, मैदानाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले, आणि शूटिंग संपेपर्यंत तिथेच बसत राहिले. "मजुरी तुमची हाय, जा," असं म्हणायचे. "माह्या तोंडाले मी रंग नाई लावू देत."

त्या रंगाबद्दल सांगते, कारण किळस मला त्याची सगळ्यात जास्त आली. आमची माणसं आधीच काळी, म्हणून तर त्यांना तिकडे पाठवलं होतं. पण कॅमेऱ्यात ती पुरेशी काळी दिसेनात. मग बादलीत काळा रंग कालवायचे आणि जाड स्पंजने छातीवर, पाठीवर, तोंडावर थापायचे. शिळ्या तेलाचा वास यायचा. उन्हात तो रंग घामाबरोबर डोळ्यांत उतरायचा आणि माणसं डोळे चोळत उभी राहायची. आणि असुरांचा राजा? ज्याला बोलायला वाक्यं होती, ज्याच्यासाठी वेगळी गाडी होती? तो मुंबईहून आणलेला गोराभुरका नट. त्याला गाडीत बसवून, पंखा लावून, मऊ ब्रशने काळं करायचे. बाकीच्यांनी नुसतं ओरडायचं आणि मरायचं. मी हे मामांना लिंबाखाली जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे राक्षसाचं काम बी आपल्याले नाई. आपल्याले फक्त मराचं."

शूटिंग संपलं तेव्हा कपडेपटाच्या ताईंनी मला विचारलं की आमच्याबरोबर येतेस का, हात चांगला आहे. आई घाबरली, मीही घाबरले. आणि खरं म्हणजे तोवर मला त्या लोकांची शिसारी आली होती. मी मामांकडे गेले. वाटलं होतं, नको म्हणतील आणि माझा प्रश्न सुटेल. ते वांग्यांना पाणी देत होते. म्हणाले, "जाय. कपडा वंगाळ नसते, शोभे, अंगात घालनारा वंगाळ असते. तू चांगलं शिव." बसस्टँडवर सोडायला तेच आले, आणि माझ्या पिशवीत मेथीची जुडी कोंबली. मुंबईपर्यंत ती पार कोमेजली होती, तरी मी शिजवून खाल्ली.

ते भाग टीव्हीवर आले तेव्हा मी इकडे होते. नंतर आईने फोनवर सांगितलं. सगळा गाव ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर जमला होता, आपापली तोंडं शोधत. देवांमध्ये लोक सापडत होते, टाळ्या पडत होत्या. असुरांमध्ये कोणी ओळखू येत नव्हतं, सगळी एकच काळी लाट. फक्त गुड्डी ओळखू आली. देवाच्या हातातून उजेड निघाला आणि असुरांची पोरं किंचाळत जळाली, त्यात सगळ्यात पुढे ती. पडद्याच्या अलीकडे बसलेले लोक टाळ्या वाजवत होते. आई म्हणाली, गुड्डीने आजूबाजूला बघितलं, कोण कोण वाजवतंय ते, आणि उठून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिला कोणी नावाने हाक मारेना, राक्षसीण म्हणू लागले.

पुढच्या चैत्रात देव होण्याची बारी खालच्या पुऱ्याची होती, आणि घरामागून घर येत देवीचं सोंग मामांच्या घरावर आलं होतं. म्हणजे गुड्डीचं. मी सुट्टी काढून गेले, तिच्या मापाची हिरवी साडी शिवून. साडी म्हणजे शिवलेली, दोन मिनिटांत नेसता येईल अशी. गावात पोहोचले तर मंडळाची बैठक चालू होती. जाणती पोरं म्हणत होती की आता लोक व्हिडिओ काढून टाकतात, चार गावांत जातं, तर देवी जरा देवीसारखी दिसली पाहिजे. वरच्या पुऱ्यातली एक मुलगी आहे, उजळ आहे, तिला घेऊ. बारी पुढच्या वर्षी बघू. हे बोलणारी पोरं दुसरी-तिसरी कोणी नव्हती. देवांच्या खुर्च्यांवरून उठवलेली हीच पोरं होती. बाहेरच्यांचा राग येतो, तो निदान बाहेर काढता येतो. आपल्याच माणसांच्या तोंडून तेच शब्द ऐकले की कुठे थुंकावं कळत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "गाभाऱ्यात जाऊन पाहा, माय कोन्या दगडाची हाय. अन् मंग या मले सांगाले."

पोरं मान खाली घालून बसली. मामांनी बैठक जिंकली असं मला वाटलं. पण घरी गेलो तर गुड्डी म्हणाली की मी होणार नाही. तिने ते रडून नाही सांगितलं. भाकरी करता करता, तव्याकडे बघत सांगितलं. म्हणाली, "आबा, मले राक्षसीनच करा. मले ते जमते." मी साडी पुढे केली, समजूत घालायला लागले. मामांनी मला हाताने थांबवलं. म्हणाले, बारी तिची आहे, घ्यायची की नाही ते ती ठरवेल. पण तिच्या जागी दुसरं कोणी बसणार नाही. "तुही बारी तुह्याच नावानं राहीन, गुड्डे. लागन तवा घेजो."

त्या वर्षी सोंगं झाली ती अशी: देवळासमोर देवीचा पाट मांडला, त्यावर हळदकुंकू, आणि पाट रिकामा. दैत्य झालेला वरच्या पुऱ्यातला पोरगा तलवार घेऊन त्या रिकाम्या पाटाशी भांडत होता. देवीची गाणी मामांनी स्वतः म्हटली, बाजूला उभं राहून, घोगऱ्या आवाजात. लोक हसले. हसणारच, दैत्याला मारायला कोणी नव्हतं, मामांनी शेवटची ओळ म्हटली आणि तो बिचारा आपणहून आडवा पडला. काहींनी मोबाईल काढले, तेही चार गावांत गेलं असेल. मामांचा आवाज एकदाही डळमळला नाही. गुड्डी माझ्याशेजारी कनातीमागे बसली होती. मी साडी मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होते, आता उठेल, आता उठेल. ती उठली नाही. जेवणं झाल्यावर ती पाट धुवायला मात्र गेली, एकटीच.

मामा त्याच श्रावणात गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मला सुट्टी मिळाली नाही. फोन आला तेव्हा आमच्या शेडमध्ये नव्या मालिकेचे असुर रंगवायचं काम चालू होतं. आजूबाजूच्या पाड्यांवरून आणलेली माणसं रांगेत उभी होती, आणि तसाच एक मुलगा पट्टी घेऊन त्यांच्या गालांशी धरत होता. मी सुईत दोरा ओवत होते. मामांनी मला चांगलं शिव म्हणून सांगितलं होतं, आणि मी त्या माणसांच्या कमरेला बांधायची फाटकी कातडी शिवत होते. फाटकीच शिवायची असतात, तसा हुकूम असतो. मी त्यांना आतून अस्तर लावते, टोचू नयेत म्हणून. तेवढंच माझ्या हातात आहे.

पुढचं वर्ष वरच्या पुऱ्याच्या देवांचं होतं, ते गेलं. त्यानंतरचा हा चैत्र. मंडळ आता त्या पोरांच्या हातात आहे. आईने आधीच कळवलं होतं की त्यांनी शेजारच्या गावातून कोणी गोरी मुलगी ठरवली आहे. मी आईला म्हटलं, मला नको सांगू, मला गावाचं काहीच नको सांगू.

मागच्या आठवड्यात दुपारी जेवायच्या सुट्टीत गुड्डीचा फोन आला. आवाज मोठा झाला आहे तिचा. कशी आहेस वगैरे काही नाही. म्हणाली, "आत्या, ते हिरवी साडी हाय ना तुह्यापाशी? उसवून मोठी करून धाड. मी वाढली."

मी म्हटलं, अगं, पण त्यांनी दुसऱ्या मुलीला ठरवलंय ना?

"ठरवू दे. आबांनं माह्या नावानं ठेवेल हाय. मी जाऊन पाटावर बसन. उठवून दाखवा म्हणन."

उठवतील, मला वाटलं. व्हिडिओ काढतील, हसतील, आधी हसलेच आहेत. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. पण मी फक्त विचारलं की साडीबरोबर आणखी काही पाठवू का, इथे सगळं मिळतं, तोंडाला लावायचं वगैरे.

"कुंकू," म्हणाली. "मोठं लावाचं हाय."